चौकातला पुतळा नक्की कधीचा?

पत्र : माझं माहेर तालुक्याच्या गावी, गांधी चौकातून आत जाणाऱ्या पेठेत आहे. चौकात गांधीजींचा पूर्णाकृती पुतळा आहे. रस्तारुंदीसाठी पेठेतल्या घरांवर लाल रंगाच्या खुणा झाल्या आहेत आणि दिवाळीनंतर पुतळाही हलवणार असं कळलं. त्याआधी पेठेच्या आठवणींची छोटी पुस्तिका घरच्यांसाठी करावी म्हणून सगळ्यांना एकत्र बसवलं, तर वादच झाले. आत्याचं लग्न मे १९६८ मधलं. ती म्हणते, तेव्हा चौकात पुतळा नव्हता. आई १९७१ साली लग्न होऊन आली. ती म्हणते, वरात पुतळ्याला वळसा घालून आली आणि पुतळ्याला सात पायऱ्या होत्या. आज चारच आहेत. काका १९७४ सांगतात, कारण चौथऱ्यावरच्या पाटीवर तेच साल आहे. कोणाचं खरं धरायचं आणि सुरुवात कुठून करायची? — एक माहेरवाशीण

उत्तर : तुमच्या पत्रातल्या तिघांचंही म्हणणं एकाच वेळी खरं असू शकतं. कसं, ते सांगतोच, पण त्याआधी कामाचा क्रम ठरवा, कारण तुमच्याकडे वेळ कमी आहे. बहुतेक लोक आधी नगरपालिकेत जातात, कागद मिळेपर्यंत थांबतात आणि तेवढ्यात चौथरा पाडला जातो किंवा घरातलं वयस्कर माणूस आजारी पडतं. कागद पन्नास वर्षं कपाटात राहिले आहेत, ते आणखी दोन महिने राहतील. म्हणून पहिल्या आठवड्यात आत्या, आई, काका यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. दुसऱ्या आठवड्यात पुतळ्याची आणि पेठेची मापं, छायाचित्रं घ्या. माहितीच्या अधिकाराचा अर्ज मधल्या एखाद्या दिवशी टाकून ठेवा, म्हणजे त्याची मुदत तुमच्या कामाबरोबरच सरत राहील.

आता सालाचा प्रश्न. आत्या मे १९६८ मध्ये घर सोडून गेली आणि आई १९७१ मध्ये घरात आली, ही तुमच्या हातातली सर्वांत मोलाची माहिती आहे. सासरी गेलेल्या मुलीच्या मनातली पेठ लग्नाच्या दिवसापर्यंतची असते आणि सुनेच्या मनातली पेठ त्या दिवसापासूनची. नंतरच्या सणवारांच्या फेऱ्यांत थोडी मिसळ होते, पण लग्नाच्या दिवसाची आठवण सहसा पक्की असते. म्हणजे पुतळा १९६८ च्या मेनंतर आणि १९७१ च्या वरातीआधी आला, असं आज गृहीत धरायला हरकत नाही. या मधल्या काळात २ ऑक्टोबर १९६९ हा गांधीजींच्या जन्मशताब्दीचा दिवस येतो. शताब्दीच्या निमित्ताने पुतळे उभारण्याची आपल्याकडची पद्धत पाहता शोध तिथून सुरू करा. तो अंदाजच आहे, कागद सापडेपर्यंत पुस्तिकेत तो अंदाज म्हणूनच लिहा.

मग काकांचं १९७४ कुठून आलं? पाटी पुन्हा वाचा, आणि फक्त साल नाही, पूर्ण मजकूर वाचा. एका पुतळ्याला तीन-चार तारखा असतात: भूमिपूजनाची, अनावरणाची आणि नंतरच्या जीर्णोद्धाराची किंवा सुशोभीकरणाची. कठडा बसवला, कारंजं केलं, वर छत्री उभारली की नवी पाटी लागते आणि तीच दर्शनी भागावर येते. मूळ कोनशिला बाजूला किंवा मागे जाते, कधी नव्या फरशीखाली गाडली जाते. आणखी एक शक्यता तपासा. आधी अर्धपुतळा असेल आणि नंतर त्याच्या जागी पूर्णाकृती आला असेल, तर आई एका पुतळ्याबद्दल बोलते आहे आणि काका दुसऱ्याबद्दल. आईला एवढंच विचारा, ‘वरातीच्या वेळी पुतळ्याच्या हातात काठी होती का?’ अर्धपुतळ्याला हातच नसतात, त्यामुळे उत्तर लगेच मिळेल.

पायऱ्यांबाबत आईवर विश्वास ठेवा. डांबरीकरणाचा एक थर साधारण २५ ते ५० मिलिमीटरचा असतो, आणि जुना थर न खरवडता त्यावरच नवा टाकला जातो. मध्ये कधी काँक्रीटचा रस्ता झाला असेल तर एका फटक्यात १५० ते २०० मिलिमीटर उंची वाढते. चौथऱ्याची पायरी सहसा १५ ते १८ सेंटिमीटरची असते. तीन पायऱ्या म्हणजे जेमतेम अर्धा मीटर, तेवढा रस्ता पन्नास वर्षांत सहज चढतो. खात्री करायची असेल तर पेठेतली जुनी घरं बघा. उंबरे रस्त्याच्या पातळीला किंवा खाली गेले असतील आणि पावसाळ्यात पाणी आत येत असेल, तर पायऱ्या रस्त्याखालीच आहेत. चौथरा फोडतील त्या दिवशी कोणीतरी तिथे हजर राहून खालच्या पायऱ्यांचा फोटो घ्या.

सगळ्यांना एकत्र बसवलंत, तिथेच घोटाळा झाला. एकत्र बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं साल पक्कं होतं, बाकीचे गप्प बसतात आणि पुढच्या वेळी नकळत तेच साल स्वतःचं म्हणून सांगतात. प्रत्येकाला वेगळं भेटा, एका बैठकीला पाऊण ते एक तास, त्याहून जास्त नको. फोन विमान मोडवर टाका, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर जाड घडी केलेल्या कापडावर ठेवा, पंखा बंद करा, आधी मिनिटभर मुद्रण करून ऐकून बघा. पंख्याची घरघर बोलताना जाणवत नाही, ऐकताना मात्र शब्द खाऊन टाकते. सुरुवातीला तारीख, ठिकाण, बोलणाऱ्याचं नाव आणि त्यांचं पेठेशी नातं तुम्हीच मोठ्याने सांगा. दहा वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसेल.

पहिला प्रश्न ‘पुतळा कधी बसवला?’ असा विचारू नका. साल विचारलं की माणूस अंदाज बांधतो, मग त्या अंदाजालाच धरून बसतो. त्याऐवजी एक मोठा कोरा कागद आणि पेन्सिल द्या आणि म्हणा, ‘चौकाकडे तोंड करून आपल्या दारात उभी आहेस. डाव्या हाताला पहिलं दार कोणाचं?’ तिथून दारोदार पुढे न्या: नळ कुठे, गिरणी कुठे, कोणाच्या ओट्यावर बसायची परवानगी होती, कोणाच्या दारावरून जाताना पावलं भरभर पडायची, रात्री दिवा कुठपर्यंत होता. नकाशा चुकतोय असं दिसलं तरी दुरुस्त करू नका. आत्याने एखादं घर मोठं काढलं किंवा गल्ली विसरली, तर तीही माहितीच आहे. प्रत्येकाचा नकाशा वेगळ्या कागदावर, मागे नाव, तारीख आणि ‘हा नकाशा अमुक सालापर्यंतचा’ अशी नोंद.

साल मिळवायचं ते अशा घटनांच्या आधाराने, ज्यांची तारीख सगळ्यांना माहीत आहे. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आणि सुकडीचे दिवस, जून १९७५ ची आणीबाणी. ‘भूकंपाच्या रात्री सगळे घराबाहेर आलात तेव्हा चौकात जाऊन उभे राहिलात का? तिथे काय होतं?’ असं विचारलंत की आठवण आपोआप जागेवर येते. याला घरातल्या तारखांची जोड द्या: कोणाचा जन्म, कोणाची मॅट्रिक, घरात वीज कधी आली, आजोबा कधी गेले. ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं ठेवा. ‘तू स्वतः पाहिलंस का?’ हा प्रश्न प्रेमाने, पण दर वेळी विचारा. अनावरणाला कोण पुढारी आले होते याबद्दल हा प्रश्न विशेष लागू पडतो. गावोगावच्या आठवणींत पाहुणे वर्षागणिक मोठे होत जातात.

पेठेची आठवण फक्त घरमालकांची नसते. भाडेकरूंकडे, समोरच्या दुकानात कामाला असलेल्यांकडे, झाडलोट करणाऱ्यांकडे, पाणी भरणाऱ्या बाईंकडे जा. त्यांनी तीच पेठ वेगळ्या दारांनी पाहिली, आणि काही दारं त्यांना बंदही होती. जातीवरून ओळखल्या जाणाऱ्या आळ्यांची जुनी नावं, पाणवठ्यावरचे नियम, कोणाला कुठपर्यंत येऊ दिलं जायचं, हे विषय निघाले तर टाळू नका, पण कोणाच्या तोंडून नाव आलं म्हणून ते तसंच छापूही नका. बैठक संपताना विचारा, ‘यातलं काय छापायचं नाही?’ आणि ते उत्तरही मुद्रित करून ठेवा. अशा पुस्तिकांवरून घरात दुरावा येतो तो बहुतेक वेळा सालावरून नाही, न विचारता छापलेल्या एखाद्या वाक्यावरून.

आता पुतळ्याकडे. पहाटे, दुकानं उघडायच्या आणि गाड्या लागायच्या आधी जा. समोर, मागे, डावी, उजवी आणि चार कोपरे असे आठ फोटो घ्या. प्रत्येकात चौथऱ्याला टेकवलेली फूटपट्टी किंवा मोजपट्टी दिसू द्या. चौथऱ्याची लांबी, रुंदी, उंची, पायऱ्यांची संख्या आणि प्रत्येक पायरीची उंची लिहा. पुतळ्याचं तोंड कोणत्या दिशेला आहे तेही लिहा. स्थलांतरात पुतळा हमखास फिरवला जातो आणि पुढच्या पिढीचा वाद त्यावरून होतो.

पुतळ्याची जागा कायमची नोंदवायची असेल तर चौथऱ्याच्या एकाच कोपऱ्यापासून तीन पक्क्या बिंदूंपर्यंत अंतर मोजा. दोन बिंदूंवरून जागा निघते, तिसरा पडताळ्यासाठी. बिंदू निवडताना लाल खुणांकडे लक्ष द्या. रुंदीकरणात जाणारी भिंत धरलीत तर मोजमाप वाया. खुणेच्या मागे असलेलं देऊळ, विहिरीचा काठ, शाळेची इमारत असं काहीतरी धरा. ३० मीटरची टेप आणि दोन माणसं, एवढ्यावर तासाभरात काम होतं. फोनमधलं जीपीएस ठेवा, पण त्यावर विसंबू नका, दाट वस्तीत ते काही मीटर सरकतं.

पुतळा कशाचा आहे हे सोनेरी रंगावरून कळत नाही. बोटाच्या पेराने हलकं वाजवून बघा: ब्राँझ पोकळ घणघणतं, फायबरचा आवाज प्लास्टिकसारखा येतो, सिमेंट मुकं असतं. चुंबक ब्राँझला चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड पृष्ठभागाजवळ आहे किंवा पुतळा बिडाचा आहे. सिमेंटच्या पुतळ्यावर तपकिरी ओघळ आणि उभ्या भेगा दिसल्या तर आतल्या सळया गंजून फुगल्या आहेत. असा पुतळा उचलताना मनगट, काठी, मान इथे तुटतो, आणि बरेचदा मग दुरुस्तीऐवजी नवाच आणला जातो. तुमचा पुतळा सिमेंटचा निघाला तर चेहऱ्याचे जवळून, चारी बाजूंनी फोटो घ्या, कारण तुमच्या आठवणीतला चेहरा परत दिसेलच असं नाही. शिल्पकाराची सही किंवा ओतशाळेचं नाव शोधायची जागा म्हणजे पायाखालच्या बैठकीची कड, धोतराचा मागचा काठ. अर्धपुतळ्यात खांद्याची मागची कापलेली बाजू.

कोनशिला रंगाच्या थरांनी बुजली असेल तर खरवडू नका. तारेचा ब्रश, ॲसिड, चिंच, लिंबू, तांब्यापितळेची भांडी घासायची पावडर, खडू किंवा पीठ चोळून अक्षरं उठवणं, यातलं काहीही करू नका. संगमरवर आम्लाने झिजतो, आणि ब्राँझवरचा एकसारखा हिरवट-तपकिरी थर धातूला जपतो, तो घासून काढला की झीज वाढते. फिकट हिरवे, भुकटीसारखे सुटणारे ठिपके मात्र दुखण्याचे असतात, ते दिसले तर फोटो काढून नगरपालिकेला कळवा. अक्षरं वाचायची सोपी रीत अशी: अंधार पडल्यावर विजेरी दगडाच्या कडेला, जवळजवळ दगडाला टेकवून धरा आणि प्रकाश आडवा पडू द्या. कोरलेल्या अक्षरात सावली भरते. विजेरी चारही बाजूंनी फिरवत प्रत्येक वेळी फोटो घ्या. डावीकडून न दिसलेला आकडा वरून दिसतो. शके दिलं असेल तर त्यात ७८ मिळवा, आणि तिथी इंग्रजी नव्या वर्षानंतरची, म्हणजे पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९. शके १८९१ चा आश्विन म्हणजे १९६९ चा ऑक्टोबर. हा एका वर्षाचा फरक ध्यानात न घेतल्याने कितीतरी स्मरणिकांत चुकीची सालं छापली गेली आहेत.

पेठेचे फोटो दोन्ही बाजूंचे घ्या. एका बाजूचे घर टिपताना समोरच्या बाजूला उभं राहा आणि प्रत्येक फोटोत आधीच्या घराचा तिसरा हिस्सा येऊ द्या. मग ते ओळीने जोडता येतात. तुळया, कोनाडे, दारावरची अक्षरं, दुकानांच्या जुन्या पाट्या वेगळ्या टिपा. हे फोटो व्हॉट्सॲपवरून साधे पाठवू नका, ते लहान होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

जुने फोटो शोधताना पुतळ्याचा फोटो शोधू नका, लग्नाचे अल्बम शोधा. वरातीच्या, मुंजीच्या, गणपतीच्या मिरवणुकीच्या फोटोंत मागे चौक असतो, आणि त्या कार्यक्रमाची तारीख पत्रिकेवर असते. तारीख असलेला असा एक फोटो चार माणसांच्या साक्षीपेक्षा भारी ठरतो. शेजारच्या घरांचे अल्बमही मागा, १९६८ ते १९७१ मधली लग्नं कोणाकडे झाली ते आई आणि आत्या मिळून सांगतील. फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, अगदी लहान असेल तर १२००. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, पातळ दोरा मागून हळू सरकवून सुटला तर ठीक, नाहीतर पानासकट टिपा. मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचं टोक पुढच्या बाजूवर उमटतं. लॅमिनेशन तर नकोच, ते परत काढता येत नाही.

शेवटी कागद. नगरपालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. ‘पुतळा कोणत्या साली बसवला?’ असा प्रश्न टाकलात तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं एका ओळीचं उत्तर येण्याची शक्यता मोठी, कारण कायद्याने अभिलेख मागता येतो, संशोधन करून मागता येत नाही. म्हणून लिहा: ‘१ एप्रिल १९६८ ते ३१ मार्च १९७५ या कालावधीतील सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्त नोंदवहीतील गांधी चौक व पुतळा यासंबंधीच्या ठरावांची मला पाहणी करू द्यावी व छायाप्रती मिळाव्यात.’ ‘पाहणी’ हा शब्द ठेवाच. जुनी नोंदवही तुम्ही स्वतः चाळलीत तर पुतळ्याखेरीज नळ, दिवे, चौकाचं नामकरण, तोडलेलं झाड असं बरंच हाती लागतं, आणि पाहणीचा पहिला तास विनामूल्य असतो. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा अपुरं आलं, तर त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये.

घरांसाठी दोन नोंदी. घरपट्टीच्या आकारणी नोंदवहीत मालक आणि भोगवटादार अशी दोन्ही नावं असतात, म्हणून भाडेकरू तिथे सापडतात. नगर भूमापन झालेलं असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मिळकत पत्रिका आणि पेठेचा नकाशा मिळतो, पण त्यात मालकी दिसते, राहणारी माणसं दिसत नाहीत. वर्तमानपत्रांसाठी जिल्ह्याच्या जुन्या ग्रंथालयात १९६९ च्या ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा आधी बघा. तालुक्याची बातमी त्या काळी चार-आठ दिवस उशिरा छापून यायची, तेव्हा ३ तारखेच्या अंकात नाही म्हणून थांबू नका. शाळेच्या आणि नगरपालिकेच्या स्मरणिका जरूर चाळा, फक्त त्यांतली सालं पडताळल्याशिवाय घेऊ नका.

स्थलांतराबद्दल नगरपालिकेला आत्ताच लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. सार्वजनिक रस्ते, पदपथ इथे नवे पुतळे उभारायला परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. त्यामुळे एकदा उचललेला पुतळा भर चौकात परत बसवला जाईल, अशी आशा धरून बसू नका. पत्रात दोनच मागण्या ठेवा. एक, मूळ कोनशिला आणि सगळ्या जुन्या पाट्या न फोडता काढाव्यात आणि पुतळ्याबरोबर नव्या जागी लावाव्यात. पुतळा तरी जपून नेला जातो, कोनशिला मात्र चौथऱ्याच्या बांधकामात अडकलेली असते आणि ब्रेकरखाली जाते. तिच्याभोवती वीतभर अंतर सोडून कटरने कापून काढा, असं स्पष्ट लिहा. दोन, जुन्या जागी रस्त्याच्या पातळीत बसणारा एक नोंद-दगड लावावा. हे दोन्ही कमी खर्चाचं आहे आणि काम सुरू होण्याआधी मागितलं तरच मिळतं. चौकाच्या नावाची काळजी नको. मुंबईत सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ साली हलवला, तरी त्या भागाला लोक आजही काळा घोडाच म्हणतात.

पुस्तिका मध्ये पिना मारून बांधणार असाल तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, २४ किंवा ३२ पानं पुरेत. प्रत्येक विधानापुढे ते पाहिलेलं, ऐकलेलं की कागदावरचं, हे एका अक्षराने दाखवा. आत्या, आई, काका यांचे तिन्ही नकाशे शेजारी शेजारी छापा, एकत्र करून ‘बरोबर’ नकाशा बनवू नका. मूळ ध्वनिफिती आणि स्कॅन तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक ठिकाण दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाचं असू द्या. पुस्तिकेची एक प्रत गावच्या सार्वजनिक वाचनालयात दाखल करून नोंद क्रमांक घ्या, आणि आतल्या पानावर पत्ता द्या, म्हणजे पेठ सोडून गेलेल्या एखाद्या घराकडे १९६९ चा फोटो निघाला तर तो तुमच्यापर्यंत पोहोचेल.